सदूची चूल

१८ मार्च १९५८, महाड

पोचलो एकदाचा. पनवेलपासून धूळ खाऊन घसा बसला आहे, आणि परवा भाषण! एस.टी.त मुद्दाम मागच्या बाकावर बसलो होतो, तरी माणगावला गाडी थांबल्यावर ड्रायव्हर मागे आला, माझ्याकडे निरखून बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही त्या सिनेमातले हरामखोर पाटील ना?" मी हो म्हटलं. त्याने चहा पाजला.

महाडच्या बाजारात उतरलो तर एका भाजीवाल्या म्हातारीने माझ्याकडे बघून कडाकडा बोटं मोडली. चित्रात मी एका विधवेचं घर वाळीत टाकतो, त्याचा राग. सात वर्षं हेच चाललं आहे — कधी पाटील, कधी खोत, कधी सावकार. एकदा तरी नायकाचा मित्र करा म्हणून स्टुडिओच्या शेठच्या मागे लागलो होतो. शेठ म्हणाले, सदानंदराव, तुमच्या भुवया मित्राच्या नाहीत. सदानंद हे नावही त्यांनीच दिलेलं. घरी मी सदूच.

लॉजिंगवर मोरू आधीच येऊन बसला होता. मोरू माझ्याच गावच्या खालच्या वाडीतला. दीड वर्षापूर्वी ती सगळी वाडी बौद्ध झाली. मुंबईला तो माझ्याच स्टुडिओत दिवे ओढतो. आम्ही दोघांनी मिळून तिथल्या एक्स्ट्रा आणि हमाल लोकांची युनियन उभी केली. पहिली मागणी पगाराची नव्हती, माठाची होती! पिण्याच्या पाण्याचे दोन माठ असत, कोणी कुठल्यातलं प्यायचं ते सगळ्यांना न सांगता ठाऊक. आम्ही दिवे बंद ठेवले. शेठ रडकुंडीला आले आणि दोनाचा एक माठ झाला. तेव्हापासून कुठेही सभा असली की मोरू मला ओढून नेतो. म्हणतो, तुझं तोंड बघायला माणसं जमतात, मग बोलायचं ते आम्ही बोलून घेतो.

परवा चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. नंतर पाडव्याला घरी, कुंभळमाचीला. आयेला भेटून सहा महिने झाले असतील.

१९ मार्च, महाड

सावित्री नदीच्या काठाला तंबूतला सिनेमा लागला आहे, आणि तोही माझाच! डोक्याला उपरणं गुंडाळून संध्याकाळच्या खेळाला मागे उभा राहिलो. मोरूही आला.

तो प्रसंग आला. मी देवळाच्या पायरीवर, खाली ती विधवा आणि तिची पोरं. मी गरजतो — "आजपासून ह्या चुलीला गावाचा विस्तव नाही! ह्या घरच्या मढ्याला गावाचा खांदा नाही!" तंबू चिडीचूप. मग शिव्या, शिट्ट्या, कोणीतरी पडद्यावर वहाण भिरकावली. अंगावर मूठभर मांस चढलं — खोटं कशाला लिहू?

ते वाक्य लेखकाचं नाही. आमच्या गावकीचं आहे. लहानपणी भैरीच्या देवळात ऐकलं होतं, येसूबाई नावाच्या एका बाईच्या घराबद्दल. लेखकाने आधी "तुला बहिष्कृत करण्यात येत आहे" असं काहीतरी कोर्टातल्यासारखं लिहिलं होतं. मी म्हटलं, अहो, आमच्याकडे असं कोणी बोलत नाही. आमच्याकडे वाळीत माणूस पडत नाही, चूल पडते. गुन्हा एकाचा असला तरी त्या चुलीवर जेवणारे सगळे वाळीत — पाळण्यातलं पोरसुद्धा. मग त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही, सोयरीक करायची नाही, मयताला जायचं नाही. लेखक खूश झाला, दिग्दर्शक खूश झाला. पेपरात छापून आलं की संवाद अस्सल मातीतले आहेत. मी ते दहा जणांना दाखवलं.

बाहेर पडताना मोरू म्हणाला की हे चित्र तुमच्या गावकीला दाखवायला पाहिजे. मी हसलो. तो नाही हसला.

२० मार्च, महाड

तळ्यावर माणूसच माणूस. डोंगरातून चालत आलेले, मुंबईहून ट्रकमधून आलेले, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. दोन पानं भाषण पाठ केलं होतं, उभा राहिलो आणि सगळं पुसलं गेलं. मग स्टुडिओतल्या माठाची गोष्टच सांगितली. लोक हसले, टाळ्या पडल्या. बरं बोललो. टाळ्यांचा हिशेब ठेवायची खोड मात्र जायला हवी.

नंतर पंगत. भात आणि वालाची आमटी. मोरूची आई ठमाबाई खालच्या वाडीतल्या बायांबरोबर आली होती, तीच वाढत होती. माझ्यापुढे येऊन थांबली. डाव तसाच हातात. मी पत्रावळ पुढे केली तेव्हा वाढलं.

मुंबईला मोरूबरोबर शेकडो वेळा जेवलो असेन. पण ठमाबाईच्या हातचं आज पहिल्यांदा. गुरं घेऊन तिच्या दारावरून रोज जात होतो, तेव्हा ती अंगण सारवताना दिसायची, आमटीचा वास यायचा. भूक लागलेली असायची. तरी तिथे मागावं असं कधी मनातसुद्धा आलं नाही — त्या वयाच्या पोराच्या! हे आठवून घास जरा अडकला. मोरूने पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला, तू एक दिवस जेवलास तर गावाला भूकंप होईल, आम्ही रोज जेवतो त्याचा कोणाला पत्ता नाही.

भूकंपाचं खरं असावं. पंगतीतून मान वर केली तर रस्त्याच्या कडेला आमच्याच वाडीतला एकजण पाडव्याचा बाजार घेऊन उभा. मी हात हलवला. त्याने पिशवी या हातातली त्या हातात घेतली आणि निघून गेला.

२१ मार्च, पाडवा, कुंभळमाची

पोलादपूरहून चालत वर आलो तेव्हा आये गुढीला साखरेची माळ बांधत होती. माझ्याकडे बघून, "वाळलास," एवढंच म्हणाली. पंचाहत्तरीला आली असेल, कंबर वाकली आहे, पण माझ्या थोरल्या भावाला, गोमाजीदादालाही त्या बांबूला हात लावू देत नाही. आयेने माझं एकही चित्र पाहिलेलं नाही. घरात बघितला तेवढा पुरे, म्हणते.

घरात आनंद आहे. दादाच्या राहीचं लग्न ठरलं — नात्याचा मुलगा, म्हणजे महाडजवळच्या नाते गावचा, गोदीत कामाला. अक्षय्यतृतीयेचा मुहूर्त. राही लाजत लाजत मला विचारते, "काका, लग्नाला ती नाचणारी नटी येईल का हो?" चंद्रभागावहिनीने तिला लाटणं दाखवलं. पुरणपोळ्या खाल्ल्या. इथपर्यंतचा दिवस असा.

पाडव्याला दुपारी भैरीच्या देवळात गावकी बसते, दरवर्षीच. मी दादाबरोबर गेलो. महाडच्या पंगतीचा विषय निघणार हे मला माहीत होतं, आणि मी तयारीने गेलो होतो! वाटलं होतं, मला उभं करतील, विचारतील, आणि मग मी असं काही बोलेन की भैरीसुद्धा ऐकत राहील.

मला कोणी विचारलंच नाही. गावकीतले सगळ्यांत मोठे मालोजीबाबा, त्यांनी दादाला विचारलं, "गोमा, तुमच्या चुलीवर कोण कोण जेवतं रे?"

दादाने नावं घेतली. आये, बायको, राही, तो स्वतः. मग थांबला. खाली बघून म्हणाला, "अन् सदू. आला म्हंजी सदू."

एवढं पुरलं. मी उठून बोलायला लागलो. पहिल्याच वाक्याला सगळी गावकी माझ्याकडे पाठ करून बसली — हळूच, घोंगडीवर सरकून बसावं तशी. म्हातारे, माझ्याबरोबर विट्या मारलेले, सगळे. मी बोलत राहिलो. पाठींना उद्देशून बोललो! माठ, तळं, माणुसकी. आयुष्यात एवढं पडलेलं भाषण केलं नव्हतं.

माझं संपल्यावर मालोजीबाबा ते वाक्य म्हणाले. चुलीला विस्तव नाय, मढ्याला खांदा नाय. आवाज चढवला नाही. पाऊसपाण्याचं बोलावं तसे बोलले, आणि म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शिमग्यात मला पहिल्यांदा संकासुराचं सोंग घेऊन नाचायला याच माणसाने शिकवलं. ढोलाच्या कोणत्या ठेक्याला वळायचं ते माझा खांदा धरून दाखवलं. नट झालो तो त्यांच्यामुळे.

ते वाक्य मी पडद्यावर साफ चुकीचं म्हटलं आहे. ते ओरडायचं नसतंच.

२२ मार्च

दिवसभरात माझ्याशी फक्त एक कुत्रं भुंकलं. तेही परगावचं असावं.

२३ मार्च

विस्तव नाही याची भीती आता राहिलेली नाही, घरात काडेपेटी आहे. पण वहिनी विहिरीवर गेली की बाकीच्या बाया आपापले हंडे उचलून बाजूला होतात. तिने पाणी भरून घेईपर्यंत गप्प उभ्या राहतात, मग पुन्हा बोलायला लागतात. वहिनी म्हणाली, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि राही. नात्याच्या लोकांचा निरोप आला. चूल वाळीत असेल तर ते सोयरीक करू शकत नाहीत, केली तर त्यांच्याही गावकीत त्यांची चूल जाईल. वाईट माणसं नाहीत ती. थांबतो म्हणाले, पण किती थांबणार.

दादा दोन दिवस माझ्याशीही बोलला नव्हता. आज गोठ्यात मला गाठलं. त्याचं म्हणणं सरळ आहे. मी देवापुढे नारळ ठेवायचा, चुकलो म्हणायचं, पुन्हा तसं जेवणार नाही म्हणायचं — गावकी त्याच क्षणी चूल मोकळी करते. उद्या मुंबईला गेल्यावर तुला कोण बघायला येतंय, म्हणाला. मी म्हटलं, दादा, मी चुकलो नाही. तो म्हणाला, "तुला रोज खोटं बोलायचे पैसे मिळतात. एकदा फुकट बोल."

 

राही समोर येत नाही. मला बघून मागच्या दाराने निघून जाते. आये सगळं ऐकते आणि वाल निवडत बसते.

२५ मार्च, पोलादपूर

मुंबईला निघालो. शूटिंग आहे, हे कारण खरं आहे. पण नसतं तरी निघालो असतो. उतरताना मागे वळून पाहिलं नाही, कोणी उभं नसेल म्हणून.

३० मार्च, मुंबई

नवीन चित्र, पुन्हा पाटील. आणि दिग्दर्शकाला तेच वाक्य पुन्हा हवं! पब्लिकला आवडतं, म्हणाला, गेल्या वेळेपेक्षा जास्त ठासून घ्या.

मी मालोजीबाबांसारखं म्हटलं. हळू, खाली बघत. सेटवर कोणी हललं नाही. माझी खात्री आहे, तेवढं चांगलं काम मी आजवर केलेलं नाही. कट! दिग्दर्शक ओरडला, "काय हे? भाजी आणायला सांगताय का बायकोला?" मी त्याला समजावू लागलो. त्याने घड्याळ दाखवलं.

दुसऱ्या खेपेला भुवया चढवून गरजलो. ओके झालं. शेठने पेढे वाटले, माझं काम बघून नव्हे, त्यांना नातू झाला म्हणून.

वर माळ्यावर दिव्याशेजारी मोरू बसला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं चिडेल. चिडला नाही. राही त्याच्याही डोळ्यांसमोर वाढली आहे. म्हणाला, "नारळ ठेव. मी समजून घेईन. पण मग पुन्हा वीस मार्चला महाडला येऊ नको. जेवून नंतर माफी मागणारे आम्हाला पुष्कळ भेटलेत."

मग माझ्या डब्यातलं लोणचं घेतलं आणि जेवायला लागला.

२ एप्रिल, मुंबई

विचार करतो आहे की माझा कोणता भाग खरा. सभेतला? ठमाबाईपुढे पत्रावळ धरली तेव्हा मी रस्त्याकडे बघितलं होतं — कोणी बघतंय का हे पाहायला, का कोणीतरी बघावं म्हणून? नटाला हे स्वतःलाही नक्की सांगता येत नाही. पण भूक खरी होती. आमटी चांगली होती. एवढं तरी धरून ठेवतो.

नारळ ठेवला तर राहीचं लग्न होतं आणि मी आयुष्यभर खोटा ठरतो. नाही ठेवला तर मी खरा, आणि किंमत त्या पोरीने द्यायची. माझ्या खरेपणाची! शिक्षा मला झाली असती तर हसत भोगली असती. आमच्या वाडवडिलांनी हे हेरून ठेवलं आहे. माणसाला एकट्याला धरलं तर तो हुतात्मा होतो. म्हणून चूल धरायची.

७ एप्रिल, पोलादपूर

गोमाजीदादाने बोलावून घेतलं. एस.टी. स्टँडच्या समोर, महाबळेश्वरचा रस्ता फुटतो तिथल्या चहावाल्याकडे बसलो. इथे आम्ही कोणी वाळीत नाही, चहा मिळतो.

दादाचा चेहरा बरा दिसला. नात्याच्या लोकांनी बारा तारखेपर्यंत मुदत दिली आहे. त्या दिवशी गावकी बसेल, तोवर ते दुसरी मुलगी बघणार नाहीत. आणि मालोजीबाबांनी एक वाट काढली आहे — परस्पर कोणाकडून तरी सांगून पाठवली. माझी चूल वेगळी करायची.

मी नारळ ठेवायला नको, माफी मागायला नको. आयेने गावकीत उभं राहायचं आणि सांगायचं की सदूची चूल वेगळी, तो आमच्या चुलीवर जेवत नाही. चूल तिच्या नावाची, घरात मोठी ती, म्हणून तिने सांगायचं. कोण कोणत्या चुलीवरचं हे ज्याने त्याने देवासमोर आपल्या तोंडाने सांगितलं की गावकी ते मानते, त्यावर सवाल करत नाही. मी वाळीतच राहीन, पण एकटा. घर मोकळं.

म्हणजे पुन्हा त्या घरात जेवायचं नाही. राहीच्या मांडवात जायचं नाही. दादाने मला वाटेत ओळखायचं नाही. आणि आये गेली तर खांदा द्यायला मला कोणी बोलावणार नाही. हे शेवटचं दादा बोलला नाही, कपात बघत राहिला. मीच बोललो. तो म्हणाला, "तू तयार नसशील तर राहू दे, सदू. पोरीचं नशीब म्हणू."

मी तयार आहे म्हटलं. लगेच म्हटलं.

८ एप्रिल, कुंभळमाची

आयेला समजावलं. ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती, मी उंबऱ्यावर बसून बोललो. चांगलं बोललो. राहीचं सगळं आयुष्य पुढे आहे, माझं काय, मी मुंबईचा, वाळीत काय आणि मोकळा काय, सारखंच. मन तुटत नाही, नुसता नियम पाळायचा आहे. तू मुंबईला येऊन मला भेटू शकतेस. 

तिने भाकरी उलटली. विचारलं, "हे असं कोनीबी सांगू शकतं?"

हो, म्हटलं, ज्याचं त्याने.

"अन् गावकी मग काय करती?"

काही नाही, मानते. मानावंच लागतं.

"बरं," म्हणाली. मग म्हणाली, "तुज्या बोलन्यात भाकर करपली बग." करपलेली तिने स्वतःच्या ताटात घेतली.

नाचणीची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, कांदा. ह्या घरातलं हे शेवटचं जेवण, हे मला माहीत होतं म्हणून चव लागत नव्हती. तरी आयेने आणखी अर्धी वाढली आणि मी खाल्ली.

निघताना राही अंगणात आली. पायाला हात लावला.  वेशीपर्यंत दादा सोबत आला आणि वाडीच्या शेवटच्या घराआधी दहा पावलं मागे राहिला. आत्तापासूनच सराव, असं मी चेष्टेत म्हटलं. त्याला हसू आलं नाही आणि मलाही नाही.

१० एप्रिल, पोलादपूर

लॉजिंगवर पडून आहे. बारा तारीख होईपर्यंत थांबायचं, मग मुंबई.

खरं सांगायचं तर दोन दिवस मी खुशीत होतो. नारळ ठेवला नाही, पोरीचं लग्न मोडलं नाही, सगळा भार माझ्या खांद्यावर. सात वर्षं मागत होतो ती नायकाची भूमिका मिळाली! चालताना मान जरा ताठ होती, ते माझं मलाच जाणवलं.

आज सकाळी ती खुशी उतरली. खाणावळीत ताट पुढे आलं आणि एकदम लक्षात आलं की मी आयेला कधी विचारलंच नाही. तिला काय वाटतं, तिला हे चालेल का. उभी राहा आणि बोल, एवढं सांगितलं. जसं मला सेटवर सांगतात. स्वतःच्या तोंडाने पोटच्या पोराला तोडायचं, आणि वर मी तिला म्हणालो की नुसता नियम आहे. भैरीसमोर उभं राहून ती पहिल्यांदा बोलणार. एरवी गावकीत बायका बोलत नाहीत.

उठून वर जावं असं तीनदा वाटलं. गेलो तर राहीचं लग्न मोडेल. गेलो नाही.

१२ एप्रिल, पोलादपूर

आज दुपारी गावकी. आत्तापर्यंत झालं असेल. आये बोलली असेल. तिचा आवाज त्या देवळात कसा लागला असेल ते काही केल्या कानात येत नाही.

इथून वर डोंगर दिसतो, वाडी दिसत नाही. दोनदा चहा मागवला आणि दोनदा निवला. उद्या पहिल्या गाडीने जातो.

१३ एप्रिल, कुंभळमाची

पहाटे गोमाजीदादा स्टँडवर आला. बोलला नाही — आता त्याला माझ्याशी बोलता येत नाही. नुसतं माझं मनगट धरलं, वाडीपर्यंत आणलं आणि सोडून निघून गेला.

आये घरात नव्हती. मागे, गोठ्याच्या पडवीत होती. तीन दगड मांडलेले, वर भात रटरटत होता. शेजारी ठमाबाई वाल सोलत बसली होती. सगळं तिनेच सांगितलं, ती देवळाच्या आवाराबाहेर उभी राहून ऐकत होती. आये भैरीसमोर म्हणाली, "सदूची चूल येगळी. अन् मी सदूच्या चुलीवरची. गोमाच्या घरात आजपासून माजा घास नाय." मालोजीबाबांनी भैरीकडे बघितलं. मग म्हणाले, गावकीला मान्य हाय.

राहीचं लग्न ठरल्या दिवशी आहे. आये त्या मांडवात जाणार नाही.

 आयेने भाताचं शीत दाबून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हात धू."